कडेची जागा

आमच्या पिंपळबोडीत जातपात राहिलेली नाही. कोणालाही विचारा, हेच सांगेल, आणि सांगताना त्याची छाती थोडी पुढे येईल. चौकातल्या हॉटेलात पूर्वी गावाबाहेरच्या टोलीतल्या माणसांचे कप वेगळ्या खिळ्यांना टांगलेले असत. मग कागदी कप आले. हॉटेलवाल्याने ते जुने कप फेकले आणि त्या दिवसापासून गावात समता नांदू लागली. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा कप. चहा संपला की चुरगळून टाकायचा. मोठमोठ्या माणसांचे जन्म ज्या कामात खर्ची पडले, ते आमच्याकडे कागदाच्या कपाने उरकून टाकलं.

गाव अर्जुनी मोरगावच्या अंगाला आहे. गावाच्या उशाशी मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या पलीकडे साल-सागाची निळी रेघ. तलाव आपल्या पूर्वजांनी बांधला हे भोजराज पाटील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि ते खोटं नाही. जागा त्यांच्याच पूर्वजांनी हेरली, पाळही त्यांनीच आखली. मातीच्या टोपल्या कोणाच्या डोक्यावरून गेल्या, तेवढं मात्र त्यांना आठवत नाही. टोपल्या वाहणाऱ्यांची पणतवंडं सांडव्याच्या खाली, गाव संपतं तिथे, टोलीत राहतात. टोलीत बुद्धविहार आहे आणि विहाराच्या भिंतीला लागून रुख्माचं दोन खोल्यांचं घर. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत रुख्माचा हात सगळ्यांना हवा असतो. बाकीच्या दिवसांत तो कोणाला लागू नये अशी काळजी घेतली जाते. रेणू ही या रुख्माची मुलगी.

रेणूने नाव काढलं ते रग्बीत. रग्बी हा शब्द आमच्या गावाने तोपर्यंत ऐकलेलाही नव्हता.

तो आणला प्रफुल सरांनी. हे सर गोंदिया शहरातले, शाळेत पीटी शिकवायला आलेले, बोलणं अर्धं हिंदी. कुठल्याशा शिबिरातून ते हा खेळ शिकून आले आणि येताना पिशवीत एक बॉल घेऊन आले. बॉल गोल नव्हता. वाळूत पिकणाऱ्या डांगरासारखा, खरबुजासारखा लांबट होता, आणि टाकला की कुठे उडी मारेल याचा भरवसा नव्हता. उन्हाळ्यात तलावाचं पोट आटतं, कडेची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर बारीक हिरवं गवत धरतं. त्या गवतावर सरांनी गावातल्या पोरी जमवल्या. जागा सरकारी, तेव्हा टोलीतली पोरगी आली तर तिला जा म्हणणं कोणालाच सोयीचं नव्हतं. रेणू आली. टोलीतून ती एकटीच आली.

क्लब काढायचा तर अध्यक्ष हवा. अध्यक्ष भोजराज पाटील झाले, कारण आमच्या गावात अध्यक्षाची खुर्ची जिथे ठेवाल तिथे ते आधीच बसलेले असतात. शिवाय सर त्यांच्याच घरी भाड्याने राहत होते आणि त्यांची मुलगी खुशी संघात होती. खुशी आडव्या बांध्याची, दणकट, घरच्या म्हशीला एका हाताने मागे रेटणारी. खेळ कळायच्या आधीच तिला तो आवडला होता.

पाटलांना खेळ समजावून देताना सरांना घाम फुटला. या खेळात बॉल हाताने पुढे टाकता येत नाही. पुढे धावायचं आणि बॉल द्यायचा तो मागच्याला. पाटील म्हणाले, "पुढं आपुन जावाचं अना मागच्याले देवाचं? असा खेळ आपल्या गावात चालन का, सर?"

पण खरी अडचण पुढे निघाली. सर म्हणाले, सात जणींचा संघ. त्यातल्या तिघी मध्ये असतात. त्या एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून घट्ट जुडी बांधतात, समोरच्या तिघीही तशाच येतात, डोक्याला डोकं, गालाला गाल लागतो आणि मग रेटारेटी. याला स्क्रम म्हणतात. कोणी बॉल घेऊन पडली, तर बाकीच्यांनी धावत यायचं, तिच्या अंगावरून पाय रोवून, एकमेकींना धरून भिंत करायची. भिंत झाली तर बॉल आपला. नाही झाली तर समोरच्यांचा. सर मनापासून सांगत होते. पाटील मनातल्या मनात कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर पडेल याचा हिशोब मांडत होते.

त्यांनी विचारलं, अशी एखादी जागा नाही का, जिथे कोणाला धरावं लागत नाही?

सर म्हणाले, आहे. मैदानाच्या अगदी कडेला, रेषेजवळ एक खेळाडू उभी असते. विंग म्हणतात. स्क्रमशी तिचा संबंध नसतो.

पाटलांचा चेहरा उजळला. "मंग रेणूले तिथं ठेवा. टुरीले मोकळी हवा भेटन."

अशी आमच्या गावाने आपल्या सवयीने संघाची मांडणी केली. मध्ये गाव, कडेला टोली. मैदान नवीन होतं, खेळ परदेशातला होता, पण जागा आमच्या ओळखीच्या होत्या. कोणी भांडलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही, सगळं कसं गोडीत झालं. जात हा शब्दसुद्धा कोणी उच्चारला नाही. आमच्याकडे तो उच्चारावा लागत नाही.

चूक झाली ती एवढीच, की या खेळात गुण कसे होतात हे पाटलांनी विचारलं नव्हतं.

मधल्या तिघी रेटतात, घामाघूम होतात, दात ओठ खातात आणि एवढं करून बॉल मिळाला की तो हातोहात सरकत सरकत शेवटी कडेला येतो. कडेला जी असते ती मोकळ्या वाटेने सुसाट धावते आणि समोरच्या रेषेपलीकडे बॉल टेकवते. गुण तिचे. टाळ्या तिच्या. रेणूचे पाय बांधाबांधावरून पळून तयार झालेले होते. ओल्या धुऱ्यावर न घसरता धावायला शिकलेल्या पोरीला सपाट मैदान म्हणजे सडक. त्यात सरावाला तिला कोणी धरतच नसे. पोरी हात पुढे करत आणि बोटभर अंतर ठेवून थांबवत. घरून तेवढी शिकवण मिळालेली होती. सरांना वाटलं, ही कोणाच्या हाती लागत नाही. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

आसपासच्या गावांत सामने झाले. पिंपळबोडी जिंकत गेली आणि दर वेळी बॉल टेकवणारी रेणूच. पेपरात फोटो आला. फोटोत रेणू एकटी, कारण जिथे ती होती तिथे दुसरं कोणी नव्हतंच. खाली छापलं होतं, पिंपळबोडीची कन्या. टोलीची पोरगी बॉल टेकवते तोवर गावाची कन्या असते, हा नवा नियम गावाने विनातक्रार मान्य केला. पाटलांनी तो पेपर हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवला, आणि हिला कडेला ठेवण्याची कल्पना आपली, हेही सांगितलं.

विभागाच्या स्पर्धा त्या वर्षी अर्जुनी मोरगावला भरल्या. मेचा शेवट, सामने सकाळी लवकर. राज्याच्या शिबिरासाठी पोरी निवडायला नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या. स्वतः खेळलेल्या, तुटक बोलणाऱ्या. उपांत्य सामना रेणूच्या जोरावर पिंपळबोडीने जिंकला, तेव्हा रेणू घामेजल्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "पळतेस छान. पण कडेवर पळणाऱ्या माझ्याकडे आहेत. तुला कोणी धरलं, पाडलं, तर काय करतेस ते मी पाहिलंच नाही. आतल्या खेळात दिसलीच नाहीस तू. उद्या दिसलीस तर बघू."

मॅडमना आमच्या गावाची रचना ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, ही पोरगी स्वतःहून लांब राहते.

रेणूने सरांना गाठून सांगितलं, उद्या मला आत खेळवा. सरांनी मान डोलावली, मग मान खाजवली, मग पाटलांकडे गेले. पाटील मैदानाबाहेर मांडवात उसाचा रस पीत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, जिंकून राहिलो ना आपण? मग काऊन हलवता? ज्याला जी जागा शोभते तिथे तो असावा. सर परत आले आणि रेणूला म्हणाले, "बेटा, तेरी जगह वही है. वहीं से चमकना है." सर वाईट माणूस नव्हते. घरमालकाच्या पुढ्यात बऱ्या माणसांचं जे होतं ते त्यांचं झालं.

त्या संध्याकाळी रुख्मा अंगणात धानाच्या तणसाने भरलेलं पोतं छातीशी धरून उभी राहिली आणि रेणू त्याच्यावर धडका मारत राहिली. हा त्यांचा उन्हाळाभरचा कार्यक्रम होता. सरावाला रेणूला धरायला कोणी नव्हतं, तसं तिला धरू देणारंही कोणी नव्हतं. तेव्हा आईच समोरचा संघ झाली होती. मॅडम काय म्हणाल्या, सर काय म्हणाले, ते रेणूने धडकांच्या मधेमधे सांगितलं. रुख्माने ऐकून घेतलं. तिला रग्बी कळत नव्हती, पण गाव कळत होतं.

ती म्हणाली, "आत जावाचं त कोनाले इचारून राहिली तू? जागा त्यायची होय. पाय तुहे हायेत ना?"

मग पोतं पुन्हा छातीशी धरून म्हणाली, ये.

अंतिम सामना देवरीच्या पोरींशी होता. जंगलपट्टीतल्या काटक पोरी, न बोलता खेळणाऱ्या. सामना पाहायला पिंपळबोडीहून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. पहिल्याच झटापटीत खुशीने बॉल खेचून काढला, तो हातोहात सरकला आणि नेहमीसारखा कडेला रेणूकडे आला. समोर वाट मोकळी. इतकी मोकळी की मांडवातून पाटील उठले आणि गमछा हलवून ओरडू लागले, कडेनं जा, कडेनं.

रेणू दोन ढांगा कडेने गेली आणि मग वळली. आत वळली. जिथे देवरीच्या चार पोरी उभ्या होत्या तिकडे.

गावाला आधी वाटलं, पाय घसरला असेल. पण ती सरळ त्या पोरींवर जाऊन आदळली. एकीने कंबर धरली, दुसरीने पाय. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी भर मैदानात कवेत घेतलं, आणि ते समोरच्या संघाने. ती पडली. पडताना सरांनी शिकवलं होतं तसा तिने बॉल आपल्या बाजूला सरकवला आणि अंग आडवं टाकून वाट पाहत राहिली.

आता भिंत व्हायला हवी होती. खुशी धावत आली. अगदी जवळ आली आणि एका पावलावर थबकली. तिने मांडवाकडे पाहिलं. बाकीच्या पोरी खुशीकडे पाहत होत्या, कारण खुशी काय करते ते बघूनच त्या करत. तेवढ्यात देवरीच्या पोरींनी रेणूच्या अंगावरून पाय टाकले, बॉल उचलला आणि थेट जाऊन टेकवला.

गावाने रेणूच्या सात पिढ्यांची आठवण काढली. एरवी टोपल्या वाहणारे पूर्वज विसरणारी माणसं, पण त्या दिवशी त्यांना टोलीची सगळी वंशावळ आठवली. सर कपाळाला हात लावून म्हणत होते, अरे, खुला मैदान था. खुशी थबकली हे कोणाच्या नजरेला आलं नाही. थबकणं हा आमच्याकडे दोष मानला जात नाही. ते वळण मानलं जातं, चांगल्या घरचं.

मध्यंतरात पोरी पाणी पीत होत्या. बाटली एकच, तोंड न लावता वरून प्यायची. खुशी तणतणत रेणूसमोर आली.

"कडंची वाट मोकळी होती. काऊन आत आली तू?"

"तू काऊन नाई आली?" रेणू म्हणाली.

खुशीने मांडवाकडे पाहिलं. तिच्या बापाकडे या प्रश्नाची दहा उत्तरं असतील.

रेणू म्हणाली, "मी आता बी आतच येईन. पडीन. तुले येवाचं असन त ये. नाई त बॉल देवरीले देऊन टाक."

तिने धमकी दिली नव्हती. धमकी देण्यासारखं तिच्याकडे होतं काय? एक बॉल, तोही हातात असेपर्यंत. पण खुशीला जिंकायचं होतं, आणि बापाच्या वळणापेक्षा बॉल महाग वाटावा अशी ती घडी होती.

दुसरा डाव सुरू झाला. बॉल पुन्हा कडेला आला, पाटलांचा गमछा पुन्हा हलला आणि रेणू पुन्हा आत वळली. या वेळी तिघींनी मिळून पाडलं. धूळ उडाली. धुळीत पडल्या पडल्या तिला आधी एक बूट दिसला, तिच्या कानाजवळ रोवलेला. मग दुसरा, पलीकडे. मग वरून खुशीचा आवाज आला, बाकीच्या पोरींना शिवी हासडून बोलावणारा. मग बूटच बूट. कोणीतरी आधारासाठी तिच्या पाठीवर हात टेकला. कोणाचा तर पायच पडला पोटरीवर. देवरीच्या पोरी रेटत होत्या आणि पिंपळबोडीच्या पोरी रेणूवर भिंत करून उभ्या होत्या. बॉल आपल्याकडेच राहिला.

मांडवात पाटील उभेच होते. गमछा हातात लोंबत होता.

सामना संपत आला तेव्हा पिंपळबोडी एकदा बॉल टेकवण्याएवढ्याच गुणांनी मागे होती. स्क्रम मिळाला. मधल्या तिघींपैकी एकीचा घोटा मुरगळून ती बाहेर बसलेली. सर बदली खेळाडूकडे पाहत होते, बदली खेळाडू सरांकडे. तेवढ्यात खुशीने कडेकडे हात केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "रेणू, इकडं ये. माह्या उजवीकडं."

रेणू गेली. खुशीने हात तिच्या काखेखालून घालून जर्सी मुठीत पकडली. रेणूने आपला हात तिच्या पाठीवरून टाकला. डोकी खाली गेली. गालाला गाल लागला, घामाला घाम. पाटील खाली बसले. बसताना खुर्चीचा अंदाज चुकला, पण त्यांना आजूबाजूच्यांनी सावरलं.

तो स्क्रम पिंपळबोडीने जिंकला. देवरीच्या तिघींना मागे रेटलं, बॉल मागे निघाला आणि हातोहात सरकत, उन्हाळाभराच्या सवयीने, कडेला फेकला गेला.

कडेला कोणी नव्हतं. कडेची पोरगी आत होती, आणि बदली खेळाडू अजून सरांकडेच पाहत होती. बॉल मोकळ्या गवतावरून दोन उड्या मारत रेषेबाहेर गेला, आणि शिट्टी वाजली.

पिंपळबोडी हरली. परतीच्या ट्रॅक्टरमध्ये पराभवाची कारणमीमांसा झाली आणि एकमताने ठरलं, की ज्याने त्याने आपापल्या जागी राहायला हवं होतं. पाटील म्हणाले, हेच तर मी सांगून राहिलो होतो. कोणालाही असं वाटलं नाही, की सुरुवातीपासून दोघी आत असत्या आणि कडेला दुसरी कोणी तयार केली असती, तर बॉल असा बेवारस गेला नसता. एवढं सरळ वाटायला माणूस ट्रॅक्टरमध्ये बसलेला नसावा लागतो.

घरी गेल्यावर खुशीला डोक्यावरून आंघोळ घालण्यात आली. तशी गरज होतीच. पोरगी मातीने माखली होती. पाणी माती धुवायला होतं की आणखी कशाला, हे विचारायला कोण जाणार? पाटलांच्या घरच्यांनाही ते विचारावं लागलं नाही. सगळं कसं गोडीत झालं.

नागपूरच्या मॅडमनी शिबिरासाठी दोन नावं सांगितली. रेणू आणि खुशी. पाटलांच्या घरात दोन दिवस चूल धुमसली. खुशीने जेवण सोडलं नाही, रडली नाही, फक्त म्हशीला हात लावायचं बंद केलं. आणि ती म्हैस दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नसे. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. गावाने दोघींचा सत्कार केला. पाटील भाषणात म्हणाले, आमच्या गावात भेदभाव कधीच नव्हता, म्हणून तर हे दिवस दिसले. टाळ्या झाल्या. रुख्मा मागच्या रांगेत, शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

रेणू आता राज्याच्या संघात खेळते. आतल्या तिघींत. हा खेळ खेळणारी टोलीतली ती पहिली, आणि स्क्रममध्ये गावाच्या खांद्याला खांदा लावणारीही पहिली. दुसरी अजून व्हायची आहे. पाटलांनी क्लबच्या सरावाला सध्या सुट्टी दिली आहे. तलावात पाणी आहे, असं ते सांगतात. यंदा मेमध्येही आहे म्हणे.

सुट्टीत रेणू घरी येते तेव्हा तिच्या अंगाकडे बघवत नाही. कोपरं सोललेली, गुडघ्यावर खपल्या, कान चुरगळून जाड झालेला, खांद्यावर कोणाच्या तरी पकडीचे निळे वळ. कडेवर खेळत होती तेव्हा या पोरीला साधा ओरखडा नव्हता. रुख्मा वाटीत हळद-तेल कोमट करून तिला दारात बसवते आणि एकेका जखमेला शिव्या देत चोळत राहते. ही कोनं केली, ही कोनं केली, असं विचारते. रेणू एकेकीचं नाव सांगते. कोल्हापूरची, पुण्याची, मेळघाटातली, आणि मानेजवळचा हा सगळ्यात मोठा वळ खुशीचा, शिबिराच्या सरावातला.

रुख्मा तिथे अंमळ जास्त तेल लावते.

"जोरात धरते वाटते," ती म्हणते.

"हो," रेणू म्हणते. "सोडतच नाई."